गणित परक्यांचे, शरीर आपले

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व चिकित्सा-चाचण्यांविषयीच्या नियमांत एक दुरुस्ती केली. औषध माणसाला देण्यापूर्वी ते प्राण्यांवर तपासून पाहण्याची पद्धत आजवर चालत आली आहे. तिच्या जोडीला किंवा तिच्या जागी मानवी पेशींवरील चाचण्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या अवयवांच्या इवल्याशा प्रतिकृती आणि संगणकीय प्रतिरूपे यांचे निष्कर्षही ग्राह्य धरता येतील, असा त्या दुरुस्तीचा आशय होता. त्यापूर्वी तीनच महिने, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेने आपल्या कायद्यातील प्राणिचाचणीची सक्ती काढून टाकली होती. एप्रिल २०२५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने काही प्रकारच्या औषधांसाठी या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडाही जाहीर केला. आपल्याकडील निर्णयाचे स्वागत झाले ते प्रामुख्याने भूतदयेच्या अंगाने, आणि ते योग्यच होते. परंतु या निर्णयाला आणखी एक अंग आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. औषध शरीरात कसे वागेल याचे संगणकाने केलेले अनुमान आता कायद्याच्या दारात येऊन उभे राहिले आहे. हा संगणक शिकला कोणाकडून? कोणाच्या रक्ताची मोजमापे त्याला शिकवली गेली? हे प्रश्न केवळ प्रयोगशाळांपुरते नाहीत. या देशातील प्रत्येक रुग्णाशी त्यांचा संबंध आहे, आणि म्हणूनच या अंकात त्यांचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आपल्या भाषेत उत्तम औषधाला रामबाण म्हणतात. बाण सुटला की थेट लक्ष्यावर. तोंडावाटे घेतलेल्या गोळीचा प्रवास मात्र इतका सरळ नसतो. जुन्या काळी जकातीच्या नाक्यांवरून जाणाऱ्या गाडीतला माल जसा प्रत्येक नाक्यावर थोडा थोडा कमी होत जाई, तशी गोळीची गत असते. पहिला नाका पोटातील आणि आतड्यातील रसांचा. तेथे गोळी आधी फुटावी लागते आणि तिच्यातील औषध पाण्यात विरघळावे लागते. जे विरघळलेच नाही, ते जसे आले तसे शरीराबाहेर जाते. दुसरा नाका आतड्याच्या भिंतीचा. ही भिंत स्निग्ध पदार्थांच्या पापुद्र्यांची बनलेली असल्यामुळे तिच्यातून पार होण्यास रेणूला थोडी तेलाची ओढ असावी लागते. तिसरा नाका यकृताचा. येथील एन्झाइम आलेल्या प्रत्येक परक्या रेणूची मोडतोड करण्यास सिद्धच असतात. या सर्वांतून जे सुटते ते रक्तात मिसळून सर्वांगात पसरते आणि अखेर मूत्रपिंडे किंवा पित्त यांच्या वाटेने बाहेर पडते. शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन अशी या प्रवासाची चार अंगे शास्त्रात मानली जातात.

यातील खरी अडचण पहिल्या दोन नाक्यांमध्येच दडलेली आहे. पाण्यात सहज विरघळणारा रेणू तेलकट भिंतीपाशी अडतो आणि भिंतीतून सहज जाणारा रेणू पाण्यात विरघळत नाही. औषध घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला जन्मभर या दोहोंमधील समझोता शोधत बसावे लागते. विरघळण्याचा वेग कशावर अवलंबून असतो, याचे पहिले गणित नॉयेस आणि व्हिटनी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये मांडले. पुढे १९६० च्या दशकात कॉर्विन हान्श यांनी रेणूची तेल आणि पाणी यांच्यामध्ये वाटणी कशी होते, या एका आकड्यावरून औषधाच्या गुणाचे अनुमान करता येते हे दाखवले. मग १९९७ साली क्रिस्टोफर लिपिन्स्की यांचा नियम आला. रेणूचे वजन ५०० पेक्षा अधिक नसावे, तेलाच्या ओढीचा निर्देशांक ५ च्या आत असावा, हायड्रोजन-बंधासाठी हायड्रोजन देणाऱ्या जागा ५ पेक्षा आणि तो स्वीकारणाऱ्या जागा १० पेक्षा अधिक नसाव्यात. यांपैकी दोन अटी मोडल्या, तर ते औषध तोंडावाटे नीट लागू पडण्याची शक्यता कमी. सगळे आकडे पाचाच्या पटीतले, म्हणून नाव पडले पाचाचा नियम.

हा नियम म्हणजे धान्य पाखडण्याचे सूप आहे, धर्मशास्त्र नव्हे. क्षयरोगावरील प्रमुख औषध रिफॅम्पिसिन याचे रेण्वीय वजन ८२३ च्या आसपास आहे. पाचाच्या नियमाचे सूप डोळे झाकून चालवले असते, तर असंख्य लोकांचे प्राण वाचवणारे हे औषध कोंड्याबरोबर उडून गेले असते. तरीही असल्या सुपांचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. १९९१ च्या सुमारास मानवी चाचण्यांपर्यंत पोचून बाद होणाऱ्या औषधांपैकी सुमारे ४० टक्के औषधे केवळ शरीरात नीट शोषली वा टिकली नाहीत म्हणून बाद होत. २००० सालापर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. वाईट रेणू आधीच ओळखून बाजूला काढण्याची विद्या औषधनिर्मात्यांना साधली, असा याचा अर्थ. ती विद्या प्रयोगनळीची होती तशी गणिताचीही होती.

पुढे संगणक बळावले, हजारो रेणूंच्या मोजमापांवरून स्वतःच नियम शोधून काढणाऱ्या यंत्र-अध्ययनाच्या पद्धती आल्या, आणि आता कोणत्याही रेणूचे चित्र द्यावे नि त्याची विद्राव्यता काही क्षणांत मिळवावी, असा आभास निर्माण झाला आहे. आभास म्हणण्याचे कारण आहे. २००८ मध्ये विद्राव्यतेच्या अभ्यासकांनी जगभरच्या जाणकारांना एक जाहीर आव्हान दिले: १०० औषधांची काळजीपूर्वक केलेली मोजमापे आम्ही देतो, त्यांवरून आणखी ३२ औषधांची विद्राव्यता सांगून दाखवा. उत्तरे आली ती बरीचशी निराशाजनक होती. २०१९ मध्ये पुन्हा तसेच आव्हान देण्यात आले. मधल्या दशकात संगणकांची शक्ती कितीतरी वाढली होती. अचूकतेत मात्र म्हणावी तशी झेप दिसली नाही. याचे एक कारण स्फटिकात आहे. घनरूप पदार्थ विरघळायचा, तर आधी त्याच्या स्फटिकातील रेणूंची घट्ट मिठी सुटावी लागते. यालकोव्स्की यांच्या प्रसिद्ध समीकरणानुसार, बाकी सारे सारखे असताना वितळणबिंदू १०० अंशांनी वाढला की विद्राव्यता दहापटीने घटते. ही मिठी किती घट्ट असेल, हे कागदावर काढलेल्या रेणूच्या आकृतीवरून सांगणे अजूनही कठीण आहे. दुसरे कारण अधिक साधे आहे आणि अधिक महत्त्वाचेही. ज्या मोजमापांवर यंत्र शिकते तीच मुळात विसंगत असतात. एकाच पदार्थाचे दोन प्रयोगशाळांनी दिलेले आकडे कधीकधी तीनपट-चौपट वेगळे निघतात. गुरूचेच पाठांतर कच्चे असेल, तर शिष्याकडून शुद्ध उच्चाराची अपेक्षा कशी करावी?

स्फटिकाने किती अनर्थ होऊ शकतो, हे १९९८ मध्ये एड्सवरील रिटोनाविर या औषधाने दाखवून दिले. बाजारात येऊन दोन वर्षे झालेल्या या औषधाचा एक नवाच, अधिक स्थिर आणि म्हणून कमी विरघळणारा स्फटिक कारखान्यात अवतरला. रेणू तोच, मात्रा तीच, पण कॅप्सूल विरघळेना. अमेरिकेतील त्या बलाढ्य उत्पादकाला कॅप्सूलचा पुरवठा थांबवावा लागला आणि औषधाची घडण पुन्हा नव्याने करावी लागली. दरम्यान रुग्णांना बेचव द्रवरूप औषधावर भागवावे लागले. रेणूचे संभाव्य स्फटिक आधीच गणिताने शोधून काढण्याच्या शास्त्राला त्यानंतर मोठे महत्त्व आले, ते उगाच नव्हे.

वाचकांपैकी काहींना हा सारा रसायनशाळेतला तपशील वाटेल. परंतु विरघळणे या एका शब्दावर आपल्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे खटला चालला आहे. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी स्विस कंपनी नोव्हार्टिसने भारतात पेटंट मागितले होते. नव्या रूपाची जैवउपलब्धता, म्हणजे औषधाचा जो अंश रक्तापर्यंत पोचतो तो, ३० टक्क्यांनी अधिक आहे, हा तिचा एक प्रमुख युक्तिवाद होता. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. केवळ जैवउपलब्धता वाढली म्हणून रोग बरे करण्याची शक्ती वाढली असे होत नाही, ते पुराव्याने सिद्ध करावे लागते, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. आपल्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) त्या दिवशी खऱ्या अर्थाने जगाला कळले. बेडाक्विलिन या बहुऔषधरोधी क्षयावरील औषधाच्या बाबतीत हाच संघर्ष पुन्हा झाला. मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. त्या औषधाच्या फ्युमरेट या क्षारासाठी वेगळे पेटंट मिळाले असते, तर मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबली असती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचल्या होत्या आणि दोघींनीही जुन्या, विषारी क्षयविरोधी औषधापायी आपली श्रवणशक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज नामंजूर केला.

या लढाया आपण जिंकलो. पुढच्या लढायांचे स्वरूप मात्र वेगळे असेल. एखाद्या रेणूचा कोणता क्षार वा कोणता स्फटिक अधिक विरघळेल, हे संगणक आधीच सांगू लागला, तर त्या क्षाराच्या शोधात कल्पकता ती कोणती उरते? पेटंट मागणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा, तर आपल्या परीक्षकाच्या हाती तेच साधन हवे आणि ते चालवणारा माणूसही हवा. एरवी जे गणिताने उघड आहे, त्यालाच आविष्कार म्हणून आपण मान्यता देत बसू, आणि त्याची किंमत भारतीय रुग्णाच्या खिशातून वसूल होत राहील.

आतापर्यंत आपण रेणूविषयी बोललो. आता ज्या शरीरातून तो जातो त्याकडे वळू. स्वीडनमधील उप्साला येथील टोर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ मध्ये औषधाच्या शरीरातील संचाराची समीकरणे मांडली. आजची प्रतिरूपे त्याच विचाराचा विस्तार आहेत. यकृत, मूत्रपिंडे, मेंदू, मेद, स्नायू असा प्रत्येक अवयव म्हणजे एक कोठार. त्याचे आकारमान किती, त्यातून मिनिटाला रक्त किती वाहते, त्यात कोणते एन्झाइम किती आहेत हे आकडे भरायचे आणि गोळी घेतल्यापासून प्रत्येक कोठारात औषध किती साचेल याचे गणित करायचे. मात्रा ठरवताना, दोन औषधांचा परस्परांवर होणारा परिणाम जोखताना जगातील नियामक संस्था आता अशी गणिते विचारात घेतात. परंतु हे आकडे कोणाचे? अशा गणितांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका अग्रगण्य प्रणालीत मूळ गृहीत माणूस आहे उत्तर युरोपातील गौरवर्णीय. चिनी आणि जपानी लोकसमूहांची प्रतिरूपे तिच्यात स्वतंत्रपणे घातली गेली, कारण त्या देशांनी आपली मोजमापे केली आणि ती वापरली जावीत असा आग्रहही धरला.

शरीराशरीरांत असा काय फरक असतो, असे कोणी विचारील. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल नावाची गोळी आपल्या घरोघरी घेतली जाते. ही गोळी जशी गिळली जाते तशी निरुपयोगी असते. यकृतातील एक विशिष्ट एन्झाइम तिला कार्यक्षम रूप देते. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः दुबळे असते, त्यांना गोळीचा लाभ कमी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये याविषयी औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत इशारा छापण्यास लावले. हा जनुकीय दोष दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या रोसुव्हास्टॅटिनचे उदाहरण याच्या उलट आहे. तेच औषध तेवढ्याच मात्रेत घेऊनही आशियाई लोकांच्या रक्तात त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, असे दिसून आल्यावर २००५ पासून अमेरिकेत आशियाई रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅमपासून आरंभ करण्याची सूचना आहे. म्हणजे आपल्या शरीराचे वेगळेपण परक्या देशाच्या माहितीपत्रकातून आपल्याला कळते! आणि ‘आशियाई’ हा शब्द तरी किती ढोबळ. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, नागा टेकड्यांपासून कोकणापर्यंत शेकडो समाजांचा हा देश. येथे ‘भारतीय शरीर’ असे एकच प्रतिरूप मांडणे हीसुद्धा फसगतच ठरेल.

सर्वाधिक गंभीर प्रश्न क्षयाचा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. त्यांच्या उपचाराचा कणा म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड. रिफॅम्पिसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. एकत्रित गोळीत आयसोनियाझिडच्या शेजारी ठेवले, तर पोटातील आम्लात त्याचे विघटन अधिक वेगाने होते. मोहालीच्या राष्ट्रीय औषधशिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे. त्यातून जे रक्तात पोचते, ते यकृतातील एन्झाइमांना असे चेतवते की काही दिवसांत रिफॅम्पिसिन स्वतःचाच नाश वेगाने घडवून आणू लागते. आयसोनियाझिडची कथा निराळी. ते निकामी करण्याचा वेग माणसागणिक बदलतो, आणि भारतीयांत मंद गतीचे लोक निम्म्याहून अधिक आहेत. मंद गतीच्या रुग्णाच्या यकृताला धोका अधिक, तर जलद गतीच्या रुग्णाला मात्रा अपुरी. त्यात आपला रुग्ण पुष्कळदा कुपोषित असतो, अनेकदा मधुमेहीही असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी रुग्णांच्या रक्ताची मोजणी करून अनेकांमध्ये रिफॅम्पिसिन अपेक्षित पातळीपर्यंत पोचतच नाही, असे वारंवार दाखवून दिले आहे. २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात वजनगटानुसार दररोज गोळी देण्याची पद्धत देशभर सुरू झाली, ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह होती. परंतु मेळघाटातील ३५ किलोंच्या तरुणीला आणि पुण्यातील मधुमेही गृहस्थाला नेमकी किती मात्रा हवी, हे केवळ वजनकाट्यावरून ठरत नाही. ते आधीच सांगू शकणारे गणित आज शक्य आहे. त्यात भरायला आपल्या रुग्णांचे आकडे मात्र पुरेसे हवेत.

चेन्नईच्या ज्या संस्थेचा वर उल्लेख केला, तिचा पूर्वेतिहास या संदर्भात आठवण्याजोगा आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र म्हणून ती सुरू झाली. त्या काळी क्षयी माणसाला आरोग्यधामात ठेवणे, सकस आहार आणि पूर्ण विश्रांती देणे यावाचून गत्यंतर नाही, अशी जगभर श्रद्धा होती. मद्रासच्या केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतील रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच तीच औषधे दिली आणि परिणाम मोजले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांनाही त्यामुळे अधिक बाधा झाली नाही. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर हळूहळू ओस पडत गेली. आयसोनियाझिडची रक्तातील पातळी आणि रुग्णाच्या चयापचयाचा वेग यांची मोजमापेही त्याच केंद्रात १९६० च्या सुमारास झाली. ना महासंगणक होता, ना कृत्रिम बुद्धिमत्ता. आपल्याच माणसांचे, आपल्याच परिस्थितीत, प्रामाणिकपणे केलेले मोजमाप होते, आणि तेवढ्याने जगाची चिकित्सापद्धती बदलली.

आज परिस्थिती अशी विचित्र आहे की मोजमापे आपल्याकडे नाहीत असेही नाही. ती कुलूपबंद आहेत. जगात खपणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश माल भारत पुरवतो. असे प्रत्येक औषध मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते, हे सिद्ध करण्यासाठी समतुल्यतेची चाचणी करावी लागते. अहमदाबाद, हैदराबाद, मुंबई, बंगळूर येथील चाचणी केंद्रांत निरोगी स्वयंसेवकांना गोळी देऊन ठरावीक अंतराने त्यांचे रक्त काढले जाते आणि औषधाचे प्रमाण मोजले जाते. एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत विक्रीसाठीही ही चाचणी काही गटांना बंधनकारक झाली: जी औषधे पाण्यात कमी विरघळतात त्यांना, म्हणजे जैवऔषधी वर्गीकरणातील दुसऱ्या आणि चौथ्या वर्गाला. अशा चाचण्यांतून भारतीय शरीरात शेकडो औषधे कशी संचारतात याची मोजदाद वर्षानुवर्षे होत आली आहे. इतका मोठा ठेवा क्वचितच एखाद्या देशापाशी असेल. तो कोठे आहे? कंपन्यांच्या कपाटांत आणि परदेशी नियामकांच्या दप्तरांत. अर्ज मंजूर झाला की कागद बासनात बांधले जातात. भारतीय माणसाने दंडावर सुई टोचून घेऊन दिलेले ते ज्ञान भारतीय शास्त्रज्ञाला पाहायला मिळत नाही.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. हा ठेवा सर्वत्र निर्मळ आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. हैदराबादच्या एका चाचणी संस्थेतील नोंदींत फेरफार आढळल्यावरून जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने सुमारे ७०० औषधप्रकारांची विक्री थांबवण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२३ मध्ये पाळी पुण्यातील एका संस्थेची होती, आणि ४०० हून अधिक औषधांवर तशीच शिफारस झाली. परकीयांचा आकस म्हणून याकडे डोळेझाक करणे सोपे आहे. पण खोट्या आकड्यांवर पोसलेले प्रतिरूप खोटेच अनुमान करील, आणि त्याची झळ लंडनच्या रुग्णाआधी लातूरच्या रुग्णाला बसेल. ज्यांना देशाविषयी आस्था आहे त्यांनी या फसवणुकीविरुद्ध सर्वांत आधी आवाज उठवला पाहिजे. आपल्या नियामकांनी तो उठवण्यापूर्वी युरोपीय नियामकांना तो उठवावा लागला, याची खंत वाटते.

आपल्या परंपरेचा प्रश्नही येथे स्वाभाविकच येतो. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटु आयुर्वेदात कित्येक योगांत घातले जाते. ते का, याचा आधुनिक पद्धतीने शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला, आणि मिरी-पिंपळीतील पिपेरीन इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते हे दाखवून दिले. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हळदीतील करक्युमिनवर प्रयोग केला. एकट्या करक्युमिनचा २ ग्रॅमचा डोस देऊनही रक्तात त्याचा मागमूस जेमतेम लागत होता. सोबत २० मिलिग्रॅम पिपेरीन दिल्यावर त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. जम्मूच्या संशोधनातून पुढे २००९ मध्ये रिफॅम्पिसिनची मात्रा २०० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणणारी, पिपेरीनयुक्त क्षयविरोधी गोळी भारतीय बाजारात आली. याचा अभिमान अवश्य बाळगावा. हळदीचे अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली रद्द करून घेतले गेले, याचाही बाळगावा. पण ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे, हा त्या पूर्वजांचाच उपमर्द आहे. पिपेरीन ज्या गुणाने करक्युमिनला तारते, म्हणजे आतड्यातील आणि यकृतातील पहारेकऱ्यांना गुंगवून, त्याच गुणाने ते दुसऱ्या एखाद्या औषधाचे प्रमाण घातक पातळीवरही नेऊ शकते. हळद-मिरीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. वैद्यकाचा काढा आणि डॉक्टरची गोळी एकाच दिवशी घेणारे लक्षावधी रुग्ण आपल्याकडे आहेत. त्यांच्या शरीरात काय घडते, याचे गणित युरोप-अमेरिकेतील कोणी आपल्यासाठी करणार नाही. त्यांच्याकडे तसे रुग्णच नाहीत. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींतील रसायनांचा ‘इम्पॅट’ हा संग्रह सिद्ध केला आहे. २०२२ च्या आवृत्तीत ४,०१० वनस्पतींमधील जवळजवळ १८ हजार रसायने आहेत, त्यांच्या संचाराची संगणकीय अनुमाने आहेत, आणि तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. उत्तम प्रारंभ आहे. आता त्यातील अनुमानांच्या शेजारी प्रत्यक्ष मोजलेले आकडे यायला हवेत.

संगणकांची आपल्याला वाण नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून आज देशभर त्याचे वंशज कार्यरत आहेत. रेणूची घडण गणिताने सांगण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. प्रथिनांच्या साखळीला कोणते वळण शक्य आणि कोणते अशक्य, हे सांगणारा गो. ना. रामचंद्रन यांचा आलेख १९६३ मध्ये मद्रासमध्ये तयार झाला आणि आजही जगभर वापरला जातो. जनुकांच्या बाजूनेही पाऊल पडले आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांना खुली करण्यात आली. पण जनुक म्हणजे केवळ शक्यता. गोळी घेतल्यावर चौथ्या तासाला रक्तात औषध किती होते, हे जनुक सांगत नाही. ते रक्तच सांगते.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. समतुल्यतेच्या प्रत्येक चाचणीची रक्तमापने, स्वयंसेवकाची ओळख पूर्णपणे वगळून, ठरावीक मुदतीनंतर फरीदाबादच्या केंद्रात जमा करणे औषध नियंत्रकांनी परवान्याची अट म्हणून घालावे. कंपन्या व्यापारी गुपिताचे कारण पुढे करतील. युरोपात २०१९ ते २०२२ या काळात दहा परस्परस्पर्धी औषधकंपन्यांनी आपापली गुपिते आपल्याच घरात ठेवून एक सामायिक प्रतिरूप एकत्र शिकवले. प्रत्येकीच्या संगणकातून केवळ गणिताचे निष्कर्ष बाहेर आले, मूळ आकडे आले नाहीत. इच्छा असेल तर मार्ग आहे, हे यावरून दिसते. औषध-संशोधनाच्या प्रोत्साहनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातून ज्या संस्थेला वा उद्योगाला पैसा मिळेल, तिने तपासलेल्या प्रत्येक रेणूची विद्राव्यता, त्याचा स्फटिक आणि त्याचा यकृतातील वेग यांची नोंद सार्वजनिक करावी, बाद झालेल्या रेणूंचीसुद्धा. बाद रेणूंची नोंद तर अधिकच मोलाची. यंत्र यशापेक्षा अपयशातून अधिक शिकते आणि अपयश कोणी छापत नाही. आणि क्षयनिर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात निवडक जिल्ह्यांतून, आदिवासी पट्ट्यातून आणि महानगरांतून, रुग्णांच्या रक्तातील औषधपातळीची नियमित मोजणी सुरू व्हावी. बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून तो दूरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत उपलब्ध आहे. धारणी वा अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रातून असा कागद टपालाने चेन्नईस वा पुण्यास जाऊ शकतो.